मोकळा गडी

"गेल्या वर्षी आपण सहा-शून्यने हरलो होतो. यंदा टायब्रेकरवर हरलो. ही प्रगती आहे, सर," असं म्हणून शिंत्र्यांनी खरोखरच एक आलेख टेबलावर उभा केला. पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल स्केचपेनने काढलेला. रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेली होती आणि तिच्या टोकाला बाण होता. बाण कुठे निघाला होता ते शिंत्र्यांनाच ठाऊक.

शिंत्रे आमच्या कॉलेजचे क्रीडा संचालक. गळ्यात शिट्टी अडकवल्याशिवाय ते लग्नालाही जात नसत. ती वाजवताना मात्र त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, कारण त्यासाठी मैदानावर यावं लागतं.

"वा," प्राचार्य पाटगावकर म्हणाले. "छान काढलाय."

पाटगावकर वनस्पतिशास्त्राचे. वर्षभरात त्यांनी आमचा एकच सामना पाहिला होता. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे आमच्यावर झालेल्या गोलला त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. आता ही दोन माणसं आणि संस्थेचे सेक्रेटरी दौलतराव मांगोरे अशी तिघांची समिती आमच्या फुटबॉल संघाच्या प्रगतीचा आढावा घ्यायला बसली होती. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत. मी म्हणजे लुईस बारदेसकर, प्रशिक्षक, आणि तोही हंगामी. बरीच वर्षं झाली या गोष्टीला, पण ती बैठक आठवली की अजून माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं.

दौलतरावांनी आलेखाकडे बघितलंसुद्धा नाही. "शिंत्रे, ते चित्र खाली ठेवा. गावात काय बोललं जातंय ते माहीत आहे का तुम्हाला?"

शिंत्र्यांनी पुठ्ठा खाली ठेवला. प्रगती टेबलाखाली गेली.

दौलतराव संस्थेचे सेक्रेटरी होतेच, पण त्याआधी ते वरची वेस तालमीचे आश्रयदाते होते. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. कुस्तीसाठी बांधलेल्या त्या तालमी, पण प्रत्येकीची फुटबॉलची टीम, प्रत्येकीचा रंग, प्रत्येकीचं ठरलेलं वैर. माणूस भेटला की त्याचं नाव नंतर विचारतात, आधी पेठ आणि तालीम. मला नोकरीवर घेताना दौलतरावांनी एकच प्रश्न विचारला होता.

"कुठल्या तालमीचे?"

"मी गडहिंग्लजचा."

"ते समजलं. इथं कुठल्या तालमीचे?"

"कुठल्याच नाही."

"बरंय," ते म्हणाले होते. "निदान त्यांचे तरी नाही."

'ते' म्हणजे नागझरी तालीम. वरची वेस आणि नागझरी यांच्यामध्ये एक रस्ता आणि एक गटार. त्या वर्षीची त्यांची फायनल दगडफेकीने बंद पडली होती. दोन्हीकडच्या पोरांच्या डोक्यांना टाके पडले होते आणि दोन्हीकडचे थोर लोक तो किस्सा अजून मिटक्या मारत सांगत होते. त्याच दोन तालमींची पोरं आमच्या कॉलेजात शिकायला होती, आणि त्यांचा मिळून एक संघ करा असं मला सांगण्यात आलं होतं.

"गावात बोललं जातंय," दौलतराव सावकाश म्हणाले, "की आपल्या पोरानं मॅच विकली. मोरबाळेनं."

रणधीर मोरबाळे आमचा फॉरवर्ड. नागझरीचा. विभागीय स्पर्धेच्या सेमीफायनलला, सांगलीच्या कॉलेजविरुद्ध, एक-एक अशी बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला बॉल त्याच्या पायात होता आणि समोर फक्त गोलकीपर. रणधीरने किक मारली नाही. त्याने बॉल आडवा दिला, उजवीकडून धावत आलेल्या सुहास तिबिलेला. सुहासने तो आडव्या खांबावरून मारला, पार मैदानाबाहेर. मग टायब्रेकर झाला आणि आम्ही हरलो.

"समोर गोल मोकळा," दौलतराव म्हणाले. "शेंबडं पोरगंही मारेल. आणि हा पास देतो. कुणाला? तिबिलेला. वरच्या वेशीच्या पोराला! नागझरीचं पोरगं वरच्या वेशीला पास देतं, हे तुम्ही जन्मात कधी बघितलंय?"

"नाही," शिंत्रे म्हणाले.

"मग? त्याला गोल करायचाच नव्हता. पैसे खाल्ले असणार, नाहीतर आमच्या पोराला गावात तोंडघशी पाडायचा डाव असणार. दोन्हीपैकी एक."

"किंवा दोन्ही," शिंत्रे म्हणाले. त्यांचं मत नेहमी समोरच्यापेक्षा एक पाऊल पुढे असायचं.

प्राचार्यांनी मान हलवली. "गंभीर आहे."

मला हसू आलं. आवरलं नाही मी ते. दौलतराव माझ्याकडे वळले आणि आवाज एकदम मऊ केला. त्यांचा आवाज मऊ झाला की खिशावर हात ठेवावा असं शिपाईसुद्धा म्हणायचे.

"बारदेसकर, तुमच्यावर आमचा राग नाही. तुम्ही बाहेरचे, तुम्हाला काय कल्पना असणार. तुम्ही एवढंच लिहून द्या की पोरानं मुद्दाम केलं. त्याला काढून टाकू, विषय संपला. तुमचं पुढच्या वर्षाचं मी बघतो."

म्हणजे असं होतं सगळं. मी लिहून दिलं की माझी नोकरी राहणार होती. आणि रणधीर 'मॅच विकणारा' म्हणून कॉलेजातून बाहेर पडला की त्या गावात त्याला कुठलीही तालीम जर्सी देणार नव्हती. गवंड्याचं पोरगं ते. बॉल सोडला तर त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं आणि त्याचं कुणी ऐकणारंही नव्हतं.

"आधी मी दाखवतो काय झालं ते," मी म्हणालो.

उठलो आणि टेबलापाशी गेलो. दोन पेपरवेट ठेवून गोल केला. शिंत्र्यांचा चष्मा उचलून रणधीर केला. चहाचा कप म्हणजे गोलकीपर. "कीपर जागेवर उभा नव्हता. तो रणधीरच्या अंगावर धावून आला होता, असा. रणधीरनं किक मारली असती तर बॉल याच्या छातीवर बसला असता. गोल मोकळा दिसत होता तो गॅलरीतून. रणधीरला दिसत होता हा कप. आणि इथे, या बाजूला सुहास. त्याच्या आजूबाजूला कुणीही नाही. म्हणजे बघा, हा कप इथे असताना…"

कप तिथे नव्हता. प्राचार्यांनी तो उचलून तोंडाला लावला होता.

"बोला, बोला," ते म्हणाले.

गोलकीपर पिऊन संपल्यावर मी जागेवर येऊन बसलो.

"हे सगळं ठीक आहे," दौलतराव म्हणाले, "पण वरच्या वेशीच्या पोराला का दिला?"

या माणसाला फुटबॉल कळत नव्हता असं नाही. तिसाव्या वर्षापर्यंत खेळला होता तो. त्याला कप, चष्मा, पेपरवेट सगळं समजलं होतं. फक्त एक गोष्ट त्याच्या डोक्यात शिरण्यासारखीच नव्हती, आणि ती न शिरल्याचाच त्याला अभिमान होता.

शिपायाने रणधीरला आत आणलं. खालचा ओठ सुजलेला, एका डोळ्याखाली हिरवट डाग. सामना हरल्याच्या संध्याकाळी त्याच्याच नागझरीच्या मोठ्या पोरांनी त्याची 'समजूत काढली' होती. वैऱ्याला पास दिला म्हणून. म्हणजे इकडे आमचे सेक्रेटरी म्हणत होते की त्याने वरच्या वेशीचा घात केला, आणि तिकडे नागझरीवाले म्हणत होते की तो वरच्या वेशीला फितूर झाला. दोन्ही तालमींचं इतकं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं.

"काय रे," दौलतराव म्हणाले, "गोल का मारला नाहीस?"

"कीपर अंगावर आला हुता, जी."

"मग तिबिलेला का दिलास?"

रणधीरने माझ्याकडे बघितलं. मी काही खूण केली नाही.

"त्यो मोकळा हुता," रणधीर म्हणाला.

"मोकळा हुता! आणि वर्षभर काय बांधून ठेवला होता त्याला? वर्षभरात किती वेळा दिलास त्याला पास?"

रणधीर खाली बघत म्हणाला, "एकदाबी न्हाई."

"झालं!" शिंत्र्यांनी टेबलावर थाप मारली. "कबूल केलं सर त्यानं."

त्या क्षणी मला शिंत्र्यांची शिट्टी त्यांच्याच घशात कोंबावीशी वाटली. पण शिंत्रे बोलले ते खरंच होतं. वर्षभर एकदाही नाही.

जूनमध्ये मी पहिल्यांदा मैदानावर गेलो तेव्हा कडेला पाण्याच्या दोन कळश्या ठेवलेल्या होत्या. मला वाटलं, पोरं जास्त म्हणून दोन. मग लक्षात आलं की एक नागझरीची आणि एक वरच्या वेशीची. तहानेने जीव गेला तरी एका कळशीचा गडी दुसरीला तोंड लावत नसे. खेळतानाही तसेच. डावीकडे नागझरी, उजवीकडे वरची वेस, आणि मधे दोन-तीन हॉस्टेलची खेड्यावरची पोरं. ती बिचारी सगळ्यांकडे बॉल मागायची आणि दोन्हीकडून शिव्या खायची. अकरा जण एका रंगाची जर्सी घालून दोन सामने खेळत असायचे. मी एक कळशी लाथेने पालथी केली, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉटरबॅगा आणल्या. सरावाला मी नियम केला की पलीकडच्या पोराच्या पायाला बॉल लागल्याशिवाय किक मारायची नाही. तर ही पोरं पलीकडच्याच्या पायावर बॉल फेकून मारायची, नडगी फुटेल अशी, आणि परत पायात घेऊन पुढे जायची. नियम पाळला, सर! मी ओरडलो, चिडलो, पळायला लावलं. एकदा वैतागून मैदान सोडून बस स्टँडवर जाऊन बसलो. गडहिंग्लजची गाडी लागलेली होती. ती सोडून परत आलो ते का, हे मला अजून सांगता येणार नाही.

पूर्ण मोसम असा गेला. आणि मग त्या सेमीफायनलच्या शेवटच्या मिनिटाला, कीपर अंगावर आलेला असताना, रणधीरने मान वर करून बघितलं. पेठ नाही बघितली, तालीम नाही. मोकळा गडी बघितला. मला वर्षभरात जे करायचं होतं ते एवढंच होतं, आणि ते झालं होतं. गोल हुकला तेव्हा सगळं मैदान डोक्याला हात लावून बसलं. मी एकटा उड्या मारत होतो. लोकांना वाटलं, ह्याचाही हिस्सा असणार.

"सर, आलेखात दाखवा हे," मी शिंत्र्यांना म्हणालो. "वर्षभरातली प्रगती. एक पास. तुमच्या बाणाच्या टोकावर तोच ठेवा, आणि पोराला काढायचं बोलूच नका."

"एक पास!" प्राचार्य हसले. मग दौलतरावांच्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले.

"तिबिलेला बोलवा," दौलतराव म्हणाले. "त्याच्याच तोंडून होऊन जाऊ दे."

हा डाव चांगला होता, हे मला मान्य केलं पाहिजे. सुहास तिबिले दौलतरावांच्या तालमीचा. त्याच्या वडिलांची पानपट्टी दौलतरावांच्या इमारतीच्या कोपऱ्यावर. आणि शिवाय समोरचा गोल हुकवल्याबद्दल गावभर त्याची छी-थू चालली होती. आत येऊन त्याने एवढंच म्हणायचं की पास वाकडा होता. झालं. रणधीर बदमाश ठरणार, सुहासची इज्जत परत येणार, वडिलांची पानपट्टी जागेवर राहणार, आणि दौलतराव मिशीवर ताव देत घरी जाणार. त्या पोराच्या जागी शिंत्रे असते तर दारातूनच ओरडले असते.

सुहास आला. रणधीरपासून चार हात लांब उभा राहिला. त्याच्याकडे बघितलं नाही. ते वर्षभर एकमेकांशी बोलले नव्हते आणि मला वाटतं, त्या दिवसापर्यंतही बोललेले नव्हते.

"सुहास," दौलतराव म्हणाले, घरच्या माणसाला म्हणावं तसं. "बस. बस की. आता भिऊ नकोस आणि खरं काय ते सांग. पास कसा होता?"

सुहास बसला नाही.

"जरा मागं होता का?" दौलतरावांनी विचारलं. "का उसळलेला होता? मुद्दाम वाकडा दिलेला?"

 त्याने दौलतरावांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या संस्थापकांच्या फोटोकडे बघितलं. पंख्याचा कटकट आवाज येत होता. मी आशा सोडली होती, खरं सांगतो. मनात म्हटलं, पास एकच मिळाला वर्षाला, पुष्कळ झाला.

"बरोबर हुता," सुहास म्हणाला.

"काय?"

"पास बरोबर हुता, दादा. पायात दिल्याला. मीच भंजाळलो. ह्यो पास दील असं वाटलंच नव्हतं मला, म्हणून गडबडलो. चूक माझी हाय. त्याची न्हाई."

 रणधीरने पहिल्यांदा मान वळवून सुहासकडे बघितलं. सुजलेल्या ओठाने त्याला धड हसताही येत नव्हतं. सुहास अजून फोटोकडेच बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"दुसरा," मी शिंत्र्यांना म्हणालो. "दोन पास झाले. लिहून घ्या."

दौलतराव उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जो संताप होता तो सामना हरल्याचा नव्हता. नागझरीच्या पोराने दगा दिला असता तर ते सुखाने जेवले असते. त्यांच्या स्वतःच्या पोराने नागझरीच्या पोराची बाजू घेतली, तीही भर समितीत, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

"दोघंही मिळालेले आहेत," ते म्हणाले. "प्राचार्य, लिहा. दोघांना काढा."

आणि प्राचार्यांनी लिहिलं. वनस्पतिशास्त्राच्या त्या सुंदर, गोल अक्षरात. एका माणसाने मॅच विकली या आरोपाखाली दोन माणसं गेली, आणि विकत कुणी घेतली हे कुणी विचारलं नाही. संघाची प्रगती असमाधानकारक असा शेरा पडला. शिंत्र्यांनी पुठ्ठा टेबलाखालून काढून, उलटा करून, काखेत घेतला. मी काही लिहून दिलं नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी माझीही गरज उरली नाही. जाताना दौलतरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही बाहेरचे. तुम्हाला इथलं कळायचं नाही."

"देव करो," मी म्हणालो.

बाहेर येऊन बघतो तर दोघं पायऱ्यांवर बसले होते. एक या टोकाला, एक त्या टोकाला. बोलत नव्हते. सुहासजवळ वॉटरबॅग होती. तो प्यायला आणि झाकण न लावता त्याने ती पायरीवर मधोमध ठेवून दिली. मी जिना उतरून फाटकापर्यंत जाईस्तोवर मागे वळून बघितलं नाही. काही गोष्टी प्रशिक्षकाने बघायच्या नसतात.

पुढच्या मोसमात नागझरी आणि वरच्या वेशीचा सामना होता, म्हणून मी मुद्दाम गडहिंग्लजहून आलो. दोन्ही पोरं मैदानात होती. तालमीला तत्त्व असतं, पण मोसम आला की तिला फॉरवर्डही लागतो. रणधीरला त्याच्या लोकांनी सुनावलं होतं म्हणे, की आता पाप फेड.

सामना संपत आला होता, गोल कुणाचाच नाही. वरच्या वेशीची चढाई नागझरीच्या गोलसमोर मोडली आणि त्या गर्दीत सुहास पडला. गुडघा धरून. पंचांचं लक्ष नव्हतं, बॉल पुढे गेला होता. तो रणधीरला मिळाला, मैदानाच्या मध्याशी, आणि या वेळी गोल खरोखर मोकळा होता. वरच्या वेशीचा कीपर पुढे येऊन घसरला होता. नागझरीची अख्खी गॅलरी उभी राहून किंचाळली.

रणधीरने मागे वळून बघितलं. सुहास उठलेला नव्हता.

त्याने बॉल बाजूच्या रेघेबाहेर मारला आणि हात वर करून पंचांना पडलेला गडी दाखवला.

 मग जे सुरू झालं ते मला इथे लिहिता येणार नाही. नागझरीवाल्यांनी त्याच्या आईबहिणीचा उद्धार केला, आणि वरच्या वेशीवाल्यांनी सवयीने केला, त्यांचाच गोल वाचलेला असताना. व्हीआयपी खुर्च्यांत दौलतराव शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगत होते. बहुतेक तेच, मिळालेले आहेत म्हणून.

मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. त्या एवढ्या गर्दीत माझ्या एकट्याच्याच होत्या.

शेजारी बसलेल्या माणसाने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "काय पावनं? कुठल्या तालमीचं तुमी?"

"मी कॉलेजच्या संघाचा."

"कालिजाचा संघ? त्यो कुठं हाय?"

"आहे की," मी म्हणालो. "दोनच गडी आहेत त्यात. एक पडलाय आणि एक त्याला उठवतोय, बघा."

त्याने खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि उठून दोन पायऱ्या वर जाऊन बसला.